पाखरू 'पेरा' म्हणत नाही, साहेब

प्रति,
आमच्या भागातल्या बागेचा कारभार ज्यांच्या टेबलावरून चालतो ते साहेब,
नागपूर

स. न. वि. वि.

बागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की हे पत्र एका फायलीला टाचलं जाईल, वर आवक क्रमांक पडेल आणि फाईल कपाटात जाईल. तुमच्याकडे अशा बऱ्याच बागा असतील. ज्या बागेत मागच्या भिंतीकडे, नाल्याच्या अंगाला, बोरी-टणटणीची एक अस्ताव्यस्त जाळी अजून उरली आहे, ती ही बाग. पुढच्या टप्प्यात ती जाळी 'साफ' होणार असं माळ्याकडून कळलं. म्हणून घाई.

मी निवृत्त कृषी सहायक. नोकरीतली जवळपास सगळी वर्षं काटोल-नरखेडच्या पट्ट्यात गेली, मोटारसायकलवर, पिशवीत परिपत्रकं आणि माती परीक्षणाचे नमुने घेऊन. त्या सगळ्या वर्षांत दर उन्हाळ्यात माझं एका पाखराशी भांडण चालायचं. आज त्याचीच वकिली करायची वेळ माझ्यावर आली, याचं माझं मलाच हसू येतं.

पाखरू म्हणजे पावशा.

भांडण असं. मृग लागायच्या आधीपासून आमच्या खात्याचं सांगणं एकच: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. वरवर शिंतोडे पडले, जमिनीत ओल उतरली नाही आणि मध्येच उघाड पडली, तर उगवलेलं करपतं. मग दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचे पैसे दोनदा. हे मी गावोगावी मारुतीच्या पारावर वाचून दाखवायचो. आणि पाराच्या वर, कडुनिंबाच्या शेंड्यात बसून हा दिवसभर ओरडायचा: पेरते व्हा, पेरते व्हा, पेरते व्हा. दर वेळी आवाज एक पायरी वर. पाच-सहा पायऱ्या चढला की आता याचा गळा फाटतो की काय असं वाटायचं, आणि नेमका तिथेच हा गप्प. मिनिटभराने परत खालच्या पट्टीपासून सुरू.

एका गावात मी 'पेरणीची घाई करू नये' हे वाक्य वाचायला आणि याने तोंड उघडायला एकच गाठ पडली. सगळा पार हसला. मीही हसलो, पण जरा चिडूनच म्हणालो, "बघा, हा तुम्हाला एक दिवस बुडवणार." कडेला एक आबाजी तंबाखू मळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "साहेब, पाखरू 'पेरा' म्हनते का? 'पेरते व्हा' म्हनते. आयकून तर पाहा."

घरी येईपर्यंत ते वाक्य गाडीवर माझ्या मागे बसून आलं.

'पेरा' म्हणजे टाका दाणा, आत्ताच्या आत्ता. 'पेरते व्हा' म्हणजे काय? एखाद्याला आपण 'चालते व्हा' म्हणतो तेव्हा तो अजून बसलेलाच असतो. ऊठ, हातपाय हलव, तयारीला लाग, एवढंच त्यात असतं. पावशा मार्चपासून बोलायला लागतो. मार्चमध्ये कापूस कोण पेरणार? पण मार्च-एप्रिलात वावरातल्या पऱ्हाट्या उपटायच्या असतात, धसकटं वेचायची असतात, वखराच्या पाळ्या द्यायच्या असतात, फुटलेले धुरे बांधायचे असतात, तिफन सुताराच्या दारात नेऊन टाकायची असते, आणि सावकाराच्या किंवा बँकेच्या दारात स्वतःला. पेरायला एक दिवस पुरतो. पेरते व्हायला तीन महिने लागतात. आबाजींच्या हिशेबाने माझ्या परिपत्रकात आणि पाखराच्या सांगण्यात भांडण नव्हतंच. मीच व्याकरणात कच्चा होतो. धूळपेरणीचा, म्हणजे पावसाआधी कोरड्यातच पेरायचा, जुगार खेळणारे होते, बुडणारेही होते. पण बुडाल्यावर त्यांनी बियाण्याला शिव्या घातल्या, देवाला घातल्या, मला तर घातल्याच. पाखराला घातलेली मी ऐकली नाही.

पाखराला यातलं काही ठाऊक नाही, हेही उघड आहे. तो नर आपली हद्द सांगतो, मादीला साद घालतो. सूर त्याचे, शब्द आपले.

आणि एकाच सुरावर किती बोल बसतात हे ऐकायला नागपूरसारखं शहर नाही. 1861 साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झाली, आणि सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांतून गोरे अधिकारी राहायला आले. त्यांना या पक्ष्याचं ओरडणं ऐकू आलं ते 'ब्रेन फीवर, ब्रेन फीवर', म्हणजे मेंदूचा ताप. 1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे आली, तिच्याबरोबर बंगाली बाबू आले, धंतोलीत त्यांची घरं झाली. बंगाली माणसाला हाच पक्षी 'चोख गेलो' म्हणताना ऐकू येतो: डोळा गेला! आमच्या शेजारच्या काकू हिंदी भाषक. त्यांच्या लेखी तो पपीहा, आणि तो विचारतो 'पी कहाँ', माझा प्रियकर कुठे आहे? आणि आम्हा वऱ्हाडी-नागपुरी मंडळींना 'पेरते व्हा'. झाड एक, पाखरू एक. कुणाला ताप आठवतो, कुणाला डोळा, कुणाला साजण, आणि आम्हाला वावर. साहेबाचं मी समजू शकतो. मे महिना, 45 अंश, पंख्याची दोरी ओढणाऱ्याला डुलकी लागलेली, आणि बाहेर हा चांदण्या रात्रीही थांबायला तयार नाही. उन्हाळ्यात सरकार उगाच पचमढीला जात नसे.

आता तुमच्या फलकाविषयी. बागेच्या दाराशी 'आपले पक्षी' असा एक मोठा रंगीत फलक आहे. चांगला आहे, लहान मुलं थांबून वाचतात. त्यावर 'पावशा' या नावाखाली जो पक्षी रंगवला आहे तो काळा-पांढरा आहे आणि त्याच्या डोक्यावर तुरा आहे. साहेब, तो चातक. चातक पावसाळी वाऱ्यांच्या सोबतीने आफ्रिकेतून इकडे येतो. पावसाचं पाणी चोचीत झेलून तेवढंच पितो अशी जुन्या काव्यांतली त्याची ख्याती. दोघेही कोकिळेच्या कुळातले, दोघांचाही पावसाशी संबंध जोडलेला, त्यामुळे चातक आणि पपीहा यांची अदलाबदल फार जुनी. हिंदी कवितेत ते सर्रास एकमेकांच्या फांदीवर बसतात. तेव्हा फलक रंगवणाऱ्याला मी बोल लावत नाही. त्याला थोरामोठ्यांची सोबत आहे.

खरा पावशा दिसायला असा काही देखणा नाही. कबुतराएवढा, पाठ राखाडी, पोटावर आडव्या तपकिरी रेघा, शेपटीवर पट्टे, डोळ्याभोवती पिवळं कडं. थोडक्यात, शिकरा या छोट्या शिकारी पक्ष्याची हुबेहूब नक्कल. उडणंही तसंच: चार वेळा पंख मारायचे, मग तरंगायचं, फांदीवर टेकताना शेपूट डावी-उजवीकडे हलवायची. खारी फसतात, चिमण्या फसतात, एकच गलका होतो. माणसंही फसतात. आणि पावसाळा सरला की तो गप्प होतो. गप्प पावशा म्हणजे पानांतला एक राखाडी ठिपका. कुणाला दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं तो कुठेतरी निघून गेला.

माझ्या अंगणात एक शेवगा आहे. पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ अळ्या बसतात, एवढ्या की खोडाला घोंगडी गुंडाळल्यासारखी वाटते. हात लागला तर दोन दिवस खाज. कावळासुद्धा त्यांच्या वाटेला जाताना मी पाहिला नाही. तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये सकाळी दाढी करताना खिडकीतून पाहिलं, तर पावशा खाली उतरून शेवग्यावर आलेला. एक अळी उचलली. लगेच गिळली नाही. चोचीत आडवी धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबत नेली, जसं आपण संपत आलेल्या टूथपेस्टची ट्यूब दाबतो. आतला हिरवा गाळ बाहेर आला. मग ती फांदीवर घासली, एकदा, दोनदा, आणि गिळली. अळीच्या आतड्यात विषारी पाला असतो, तो असा काढून टाकायचा. केस मात्र पोटात जातात. तिथे त्यांची गोळी होते आणि ती तो नंतर ओकून टाकतो. अर्ध्या तासात त्याने किती खाल्ल्या ते मोजलं नाही, कारण गालावरचा साबण वाळला होता. मी नोकरीभर लोकांना या अळीवर फवारण्या सांगितल्या. असा फवारा कुठल्याच पुस्तिकेत नव्हता.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, मग अडचण काय? पावशा झाडावर बसतो, आणि झाडं आम्ही तोडत नाही. खरं आहे. झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांपुढच्या झाडाला पुरातन वृक्ष म्हणून वेगळा मान मिळाला. बागेतल्या निंबा-पिंपळांवर तुम्ही आकडे रंगवले आहेत, तेही मी पाहिलं. पण पावशा झाडावर फक्त बोलतो. तो वाढतो जाळीत.

तो स्वतः घरटं बांधत नाही. कोकीळ आणि कावळा ही जोडी सगळ्यांना पाठ असते. पावशाचा कावळा म्हणजे सातभाई. ते मळकट करड्या रंगाचे, कायम कुणावर तरी रागावल्यासारखे दिसणारे, पाचोळ्यात टोळीने उड्या मारत कलकलाट करणारे पक्षी तुम्ही नक्की पाहिले असतील. सातच असतात असं नाही, कधी सहा, कधी दहा. पण एकत्र कुटुंब अस्सल: अंडी एका जोडीची, आणि पिल्लांना भरवायला काका, आत्या, मागच्या विणीची थोरली भावंडं, सगळे. सातभाईचं अंडं निळंशार. पावशाची मादी त्या घरट्यात आपलं एक अंडं ठेवून जाते, तेही निळंच. चातकही याच सातभाईंच्या घरात अंडी घालतो. म्हणजे तुमच्या फलकावरचं नाव ज्याचं तो आणि चित्र ज्याचं तो, दोघेही या एका तोंडाळ कुटुंबाच्या अन्नावर वाढतात.

सकाळच्या फिरण्यातले आमचे एक मित्र यावर म्हणाले, मग असल्या फुकट्याला वाचवायचं कशाला? बहुतेक वेळा पावशाचं पिल्लू सातभाईंची अंडी घरट्याबाहेर लोटतं, हे खरं आहे. नेहमीच तसं होत नाही, दोघांची पिल्लं एकत्र हिंडतानाही दिसतात, असं जर्डन नावाच्या इंग्रज फौजी डॉक्टराने एकोणिसाव्या शतकातच टिपून ठेवलंय. पण न्यायनिवाडा आपण कशाला करायचा? सातभाईंची तक्रार माझ्याकडे तरी आलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नातवाचा लाकडी बैल घेऊन आम्ही बागेत आलो होतो. बैल ओढून ओढून त्याचं एक चाक निखळलं, ते बसवायला मी जाळीजवळच्या बाकावर बसलो. तेवढ्यात पोट्टा ओरडला, "आजोबा, सातभाई शिकऱ्याला खाऊ घालून राहिले!" टणटणीच्या खालच्या फांदीवर एक पक्षी, छातीवर तपकिरी फराटे, शेपटीवर पट्टे, अगदी शिकऱ्याचं पोर. पंख थरथरवत, तोंड वासून 'की-की, की-की' असा किरकिरत होता. आणि त्याच्याहून लहान सातभाई पाचोळ्यातून किडे आणून त्याच्या घशात टाकत होते. एक देऊन जायचा तोवर दुसरा हजर. एकदा तर भरवणाऱ्याचं अख्खं डोकं त्या लाल तोंडात गेलं. नातवाने डोळे मिटले. त्याला वाटलं, खाल्लं.

त्याच हिवाळ्यात जेसीबी आला. बागेच्या पूर्वेची अर्धी जाळी गेली. तिथे आता गट्टू आहेत, हिरवळ आहे, दोन फायबरची हरणं आहेत आणि रात्री रंग बदलणारे दिवे. वाईट दिसतं असं मी म्हणणार नाही. बायको तिथे फोटो काढते. रोज पहाटे झाडणारे येतात, ते पाचोळ्याचं एक पान शिल्लक ठेवत नाहीत. आता सातभाईचा सगळा बाजार पाचोळ्यात. पान उलटलं की खाली किडा, कोळी, वाळवी. तुम्ही बाजारच उचलला. टोळी अर्ध्यावर आली, उरलेले मागच्या जाळीत सरकले. पावशा एप्रिलमध्ये बोलला, मेमध्ये बोलला, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या रणरणत्या नऊ दिवसांत, तर भर दुपारी बोलला. ऑगस्टमध्ये नातू आणि मी सहा वेळा जाळीपाशी जाऊन बसलो. किरकिरणारं पोर दिसलं नाही. एका वर्षावरून मी निकाल देत नाही. शेतीखात्यात राहून एवढं तरी शिकलो. पण उरलेली जाळीही गेली तर निकालाची वाट पाहायची गरज उरणार नाही.

माळ्याला विचारलं तर तो बिचारा म्हणतो, "मी काय करू भाऊ, वरून आलं, साफ पायजे म्हून." वरून म्हणजे तुमच्याकडून. म्हणून हे पत्र.

साफ करायची कारणंही त्याने सांगितली: लोक सापाला भितात, आणि अंधारात टवाळ पोरं बसतात. दोन्ही भीती खऱ्या आहेत. त्यावर उपाय आहे आणि तो जेसीबीपेक्षा स्वस्त आहे. पायवाटेच्या बाजूने तीन-चार फूट जाळी छाटून ठेवा, म्हणजे चालणाऱ्याला जमीन दिसेल. वाटेवर एक दिवा राहू द्या, तोंड खाली करून, जाळीत उजेड जाणार नाही असा. टवाळ पोरांचं म्हणाल तर ती सध्या हरणांपाशी बसतात.

जाळीचा तो तुकडा मी पावलांनी मोजला आहे. चाळीस पावलं लांब, जिथे जास्त तिथे पंधरा रुंद. अख्ख्या बागेच्या मानाने कोपराच. त्यातली बोर तशीच राहू द्या. टणटणी परदेशी आहे, पसरते, हे मला माहीत आहे. ती काढायची असेल तर एकदम न काढता दर वर्षी थोडी काढा, आणि तिच्या जागी आपलं काही काटेरी, दाट लावा. छाटणी नोव्हेंबर ते जानेवारीत उरकून घ्या. मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत आत कोयता नको. आतला पाचोळा झाडूवाल्यांनी सोडून द्यावा, त्यांचंही काम तेवढंच कमी. आणि शेवग्यावर, सुबाभळीवर अळ्या दिसल्या की लगेच पंप घेऊन धावू नका. हे मी सांगतो आहे, ज्याने आयुष्यभर पंप घेऊन धावायला सांगितलं.

शक्य असेल तर एप्रिलमध्ये एकदा पहाटे या. साडेपाचला पावशाचं सुरू होतं, पावणेसहाला सातभाई जाळीतून एकेक करून खाली उड्या टाकतात. थर्मासमध्ये चहा मी आणीन. सोबत आराखडा करणाऱ्या इंजिनियर साहेबांनाही आणा. कागदावर त्यांनी तो कोपरा पांढरा सोडला आहे, आत काय आहे ते त्यांनी पाहिलेलं नसावं.

आपला,
बागेत रोज येणारा एक निवृत्त कृषी सहायक

ता. क. फलक दुरुस्त करायचा झाला तर नवा करण्याचा खर्च नको. चित्र छान जमलं आहे. फक्त 'पावशा' पुसून 'चातक' लिहा. पाऊण डबी रंग पुरेल, आणि नातवाचं अक्षर चांगलं आहे.